चव न बघता

१ ऑगस्ट, शुक्रवार

इंदूरहून सहाला परत. मिलू पुढे ड्रायव्हरशेजारी डोळे मिटून, मागे मी आणि अनघा, मध्ये फाइल.

डॉक्टरबाई सरळ बोलणाऱ्या आहेत, ते बरं. माझा आणि मिलूचा रक्तगट एक, बाकीची जुळणीही चांगली. बहिणीची किडनी भावाला द्यायला कायद्याची अडचण नाही. अडचण मी. वजन शहात्तर, उपाशीपोटी साखर ११९, तीन महिन्यांची सरासरी ६.२. "अभी डायबिटीज़ है नहीं, लेकिन चौखट पर खड़ी हैं आप. ऐसी हालत में मैं आपकी किडनी नहीं निकालूँगी." तीन महिने दिलेत. वजन सत्तर आणि सरासरी ५.७ च्या खाली. नाही जमलं तर दुसरा डोनर बघा.

दुसरा कुठला? अनघा मिलूची बायको असली तरी तिचा गट जुळत नाही. आई-बाबा गेले. ओजस, त्यांचा मुलगा, सतरा वर्षांचा, त्याचं नावसुद्धा काढायचं नाही. सरकारी यादीत मिलूचा नंबर लावलाय, पण तिथे वर्षं जातात. मिलूकडे किती आहेत ते डॉक्टरबाईंनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

खाल्लेलं सगळं एका वहीत लिहून आणायचं आहे. ती वही वेगळी. ही माझी.

२ ऑगस्ट, शनिवार

ह्यांना सकाळच्या चहाला सांगितलं. मिलूबरोबर जातेय हे माहीत होतं, स्वतःच्या तपासण्या करून आलेय हे नव्हतं. कप खाली ठेवला. "म्हणजे ठरवूनच आलीस." मी म्हटलं, हो. मग उठून स्कूटर पुसायला गेले. ती कालच पुसली होती.

चहातली साखर बंद. पहिला घोट घेतला आणि नवऱ्यापेक्षा चहाचं जास्त वाईट वाटलं, खरं लिहिते.

४ ऑगस्ट, सोमवार

साडेपाचला कोठी रोड. चाळीस मिनिटं. गुडघा बोलत होता, बोलू दिला. निम्मे फिरणारे माझे गिऱ्हाईक. जोशीकाकू थांबून बघतच राहिल्या. "वंदना, तू? आणि फिरायला?" जणू मला रस्त्यात नाचताना पकडलं.

आज महाकालची सवारी, दुपारपासून जुन्या शहराकडचे रस्ते बंद. श्रीखंडाचे डबे दहाच्या आत पोचवले. हल्ली सोमवारच कशाला, रोजच तेच. बाहेरगावच्या गाड्या, ई-रिक्षा, हॉटेलांच्या पाट्या. लग्न होऊन आले तेव्हा माधवनगरहून रामघाटावर सायकलने वीस मिनिटांत जायची मी, तेही पिशवीत नारळ घेऊन. आता घाट बघायला बाहेरचे येतात आणि आम्ही घरी.

बावीस वर्षं लोकांना खाऊ घालतेय. पुरणपोळी, श्रीखंड, मोदक, दिवाळीचा फराळ. उज्जैनच्या कितीतरी मराठी घरांतले सण माझ्या डब्यांवर चालतात. अशा बाईला सांगितलंय, गोड बंद. केलं बंद.

वहीत: २ पोळ्या, दुधी, ताक, १ पेरू. रात्री मुगाचं धिरडं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मिलूबरोबर डायलिसिसला. मंगळवार आणि शुक्रवार, चार-चार तास. आज अनघाच्या शाळेत इन्स्पेक्शन, म्हणून मी. तो शेवटच्या पलंगावर, हातात दोन सुया, दुसऱ्या हातात अकरावीचे पेपर. फिजिक्स शिकवतो, अजून शिकवतो. एका मुलाच्या उत्तराला हसत होता.

"ताई, फार बारीक होऊ नकोस. मला मोठ्या साइजची पाहिजे."

मग पेपर बाजूला ठेवून, हळू: "खरं सांगू? मला नकोच आहे. तुझं काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

म्हटलं, तुला कुणी विचारलं नाही. तू पेपर तपास.

बाहेर येऊन जिन्यात जरा वेळ उभी राहिले. त्याच्या पायावरची सूज मोज्याच्या वर दिसत होती.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

वजन ७५.६. तीन आठवड्यांत चारशे ग्राम. रोज चालते, रात्री भात नाही, गोड नाही, तळलेलं नाही. वही बघितली तर मलाच माझी दया येते.

देशपांड्यांच्या नातीचं बारसं. केशरी पेढ्याचं ताट पुढे. "शकुनाचा एक घ्या हो." नको म्हटलं. "अहो, शकुनाला नाही म्हणतात का?" तरी नको. देशपांडेबाईंचा चेहरा उतरला. आता पुढचे चार महिने मोहल्ल्यात वंदनाला गर्व झालाय. होऊ दे.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्या. १८० पु.पो., चौदा घरी. पहाटे अंघोळ करून, सोवळं नेसून ओट्याशी. आमच्याकडे आईपासूनचा नेम, महालक्ष्म्यांचा नैवेद्य आधी देवीला. कणभरसुद्धा जिभेवर ठेवायचा नाही. रेशमबाई बारा वर्षं माझ्याकडे आहे, भैरवगढहून येते, तिला हे पाठ आहे. आज तीही गप्प, मीही गप्प. फोन बंद. पुरणात उलथनं उभं राहिलं की उतरवायचं, वेलची वासावर, मीठ बोटांच्या चिमटीने मोजून. साडेअकराच्या आत सगळे डबे गेले.

घरचा नैवेद्य झाल्यावर एक पोळी खाल्ली. वहीत लिहिली. तुपासकट लिहिली.

ह्यांनी दोन खाल्ल्या आणि "बरी झालीय" म्हणाले. अठ्ठावीस वर्षं ह्यांना सगळं बरंच होतं. महिना झाला, त्या विषयावर अवाक्षर नाही. मीही काढत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

इंदूरला एकटी गेले. अनघा मिलूबरोबर, ह्यांना ऑफिस. बस.

वजन ७६.४. उपाशीपोटी १२१.

वाढलंय. वाढलंय!

डॉक्टरबाईंनी वहीची पानं उलटली, चष्म्यावरून बघितलं. "वंदना जी, काग़ज़ पर तो आप फ़क़ीर हैं." मग, "देखिए, शरीर झूठ नहीं बोलता." म्हणजे मी बोलते. म्हटलं, मैडम, भगवान की कसम, जितना खाया उतना लिखा. त्या म्हणाल्या, कसम की ज़रूरत नहीं, ४ नवम्बर को आइए. त्यानंतर तारीख नाही मिळणार.

परतीच्या बसमध्ये रडले. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली आणि काही विचारलं नाही. भली बाई.

१७ सप्टेंबर, बुधवार

मिलूचा फोन. "ताई, ऐक ना. हा संकेत समज. देवाच्याच मनात नाहीये."

म्हटलं, देवाला मध्ये घेऊ नकोस. संकेत-बिंकेत काही नाही, साखर आहे. तू ठेव फोन.

ठेवला. मग मीच परत केला. बोलताना त्याला धाप लागत होती. फोनवर ऐकू येत होती.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

लिहायला लाज वाटतेय, पण लिहिते.

दुपारी रव्याचे लाडू वळत होतो. मी चिडलेलीच. रेशमबाईला सांगत होते की एवढं पोट मारून वजन वाढतं म्हणजे त्यांचा काटाच बिघडलाय. ती लाडू वळत राहिली. मग म्हणाली, "जीजी, बुरो मत मानजो. तम तो दनभर चाखता रो."

मी म्हटलं, चाखते म्हणजे? ते काय खाणं आहे? ते काम आहे!

ती म्हणाली, पेट के कंई मालूम.

तिच्यावर ओरडले. मग मी हातातल्या लाडवाकडे बघितलं. त्याची कड तोडलेली होती आणि ती कड माझ्या तोंडात होती.

२० सप्टेंबर, शनिवार

आज एक मोठा वाडगा ओट्यावर ठेवला. तोंडात जाईल असं जे जे, ते वाडग्यात टाकायचं, तोंडात नाही. रेशमबाईला पहाऱ्याला बसवलं. सात वेळा तिने माझा हात धरला.

पुरण, शिजताना आणि वाटल्यावर. श्रीखंड तीन वेळा, कारण केशर उशिरा उतरतं. चकलीचा तुकडा, प्रत्येक घाण्याला एक. चिवड्याची चिमूट म्हणायचं, पण मूठच ती. पाकाचं बोट. लाडवाच्या कडा. कढईच्या काठाला लागलेली साय, ती फेकवत नाही म्हणून.

सहाला वाडगा काट्यावर ठेवला. ४१० ग्राम.

बावीस वर्षं मी रोज दोन जेवणं जेवते आणि एकच मोजते. वहीत खोटं काही नाही, आणि वही पूर्ण खोटी. डॉक्टरबाईंची मनातल्या मनात माफी मागितली. रेशमबाईची तोंडावर मागितली. ती म्हणाली, "रेवा दो जीजी," आणि वाडगा गाईला घालायला घेऊन गेली.

२१ सप्टेंबर, रविवार

मग करायचं काय? धंदा बंद करू? सहा आठवडे, आणि त्यातच नवरात्र, दसरा, दिवाळी. चव न बघता फराळ कसा करायचा? गवंडी ओळंबा न लावता भिंत बांधेल का?

चालताना सुचलं. कोठी रोडच्या दुसऱ्या फेरीत, एकदम थांबलेच. महालक्ष्म्यांच्या १८० पोळ्या! एकीचीही चव बघितली नव्हती. एकाही घरून तक्रार नाही, उलट जोशीकाकूंनी आणखी दहा मागवल्या. दरवर्षी करते. आई आयुष्यभर करायची, तिने नैवेद्य कधी चाखला नाही आणि कधी चुकला नाही.

म्हणजे येतं मला. फक्त वर्षातून चार दिवस करते, बाकी दिवस जिभेवर ढकलते.

ठरलं. उद्यापासून ४ नोव्हेंबरपर्यंत प्रत्येक डबा नैवेद्याचा. गिऱ्हाईक कोणी असो. देव समजा.

२४ सप्टेंबर, बुधवार

देव कोपले.

नवरात्राच्या उपवासाची ऑर्डर, चाळीस माणसांची साबुदाणा खिचडी. अर्ध्या तासात फोन. "आंटी, यह खिचड़ी है कि समुंदर?" सेंधा मीठ दोनदा पडलं. एकदा मी टाकलं, मग त्यांचाच फोन आला, किती वाजता पाठवताय, तो ठेवला आणि पुन्हा टाकलं. चव बघितली असती तर कळलं असतं.

दुसरी करून पाठवली, दीड तास उशिरा, चाळीस उपाशी माणसं. त्या घरच्या बाईंनी डबा हातात घेतला, तोंडाकडे बघितलं नाही. बावीस वर्षांत अशी नाचक्की नाही झाली.

रेशमबाई म्हणाली, आता मी चाखते. चाखायला दिलं. तिच्या मते प्रत्येक गोष्टीत मिरची कमी. श्रीखंडातसुद्धा.

२५ सप्टेंबर, गुरुवार

रात्रभर तळमळले असं लिहिणार होते, पण झोपले छान. रोज चालण्याचा परिणाम.

सकाळी नियम लिहून फ्रिजवर लावले. मीठ आणि गूळ सकाळीच मोजून वाट्यांत काढायचे, वाटी रिकामी म्हणजे पडलं. मीठ टाकताना फोन नाही, बोलणं नाही. पाक बोटाने बघितला की बोट पाण्याच्या भांड्यात, तोंडात नाही. महालक्ष्म्यांना मी गप्प असते, ते सोवळ्याचं म्हणून गप्प असते असं वाटायचं. मीठ लक्षात राहतं ते त्याच्यामुळे!

वजन ७५.१.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. श्रीखंड बत्तीस किलो. एक बोटभर नाही. वजन ७३.९.

मिलूला काल ताप. सुईच्या जागेला इन्फेक्शन, दवाखान्यात ठेवलंय. अनघा फोनवर शांत बोलली, फार शांत. ती तशी बोलली की मला भीती वाटते. सोनं द्यायला गेले तर मिलू म्हणाला, "ताई, गाल बसले तुझे." म्हटलं, तुझे आधीच बसलेत, कोण बोलतंय बघा.

५ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीच्या फराळाची सुरुवात. बेसन भाजलं. रंग बरोबर, वास बरोबर. पण साखर किती बसलीय ते बेसनाचा वास सांगत नाही, तिथे जीभच लागते. रेशमबाई सुट्टीवर. मी लाडू हातात घेऊन उभी. खाऊ का एक कड? एकच. कोण बघतंय?

हे दारात उभे होते. किती वेळ ते माहीत नाही. आत आले, माझ्या हातातला लाडू घेतला.

"आण इकडे. मी बघतो."

खाल्ला. मी म्हटलं, बरा आहे म्हणू नका, मला उपयोगाचं नाही ते. साखर सांगा. डोळे मिटून विचार केला त्यांनी. बँकेतला माणूस, चुकीचं बोलायची धास्ती. "अर्धी वाटी कमी आहे. आणि जरा... कच्चं नाही, पण अजून दोन मिनिटं भाजलं असतं तर." बरोबर होतं! मलाही वासाने तीच शंका होती.

मग स्टुलावर बसले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या विषयावर बोलले. "मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. मिलू मला परका आहे का? विचारलं नाहीस, ते लागलं."

म्हटलं, तुम्ही नाही म्हणाल अशी भीती होती. तुम्ही नाही म्हटलं असतं तरी मी दिली असती, आणि मग घरात कायमचं ते राहिलं असतं. म्हणून नाही विचारलं.

"आता विचार."

विचारलं. स्टुलावरच्या नवऱ्याला, बेसनाच्या हातांनी, मिलूला माझी किडनी देऊ का म्हणून विचारलं. हो म्हणाले. मी रडले, ते दुसरा लाडू खात होते. चव बघायला म्हणाले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

हे रोज ऑफिसातून आल्यावर हात धुऊन स्टुलावर. चकली: "मोहन जास्त, तोंडात पीठ होतेय." अनारसे: "उद्या बघू, आज सांगता येत नाही." अठ्ठावीस वर्षं ही जीभ घरात होती आणि बरं आहे, बरं आहे म्हणत वाया गेली. रेशमबाई त्यांना परीक्षक साहेब म्हणते.

त्यांचं वजन दोन किलोने वाढलं. माझं ७२.८.

मिलू घरी आला. जिना चढवत नाही त्याला, ओजसची खोली खाली आहे, तिथे पलंग टाकलाय.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. मिलू पाटावर बसू शकत नव्हता, खुर्चीत ओवाळलं. काही बोलायचं नाही असं दोघांनीही न बोलता ठरवलेलं. पण निघताना म्हणाला, "चार तारखेला नाही झालं ना ताई, तर तू स्वतःला लावून घ्यायचं नाही. शपथ घे."

नाही घेतली. शपथ घ्यायला वेळ कुणाला आहे? ७१.६.

४ नोव्हेंबर, मंगळवार

रक्त दिलं. वजन त्यांच्या काट्यावर ७०.४. डॉक्टरबाई: "सत्तर बोला था." म्हटलं, मैडम, चार सौ ग्राम की तो साड़ी है. पहिल्यांदा हसल्या.

वही दिली. या वेळी पहिल्या पानावर वाडग्याची सगळी हकीकत लिहिली होती, ४१० ग्रामसकट, हिंदीत. वाचून म्हणाल्या, यह मैं अपने सब रसोइयों को सुनाऊँगी.

रिपोर्ट परवा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

५.६.

दोन वेळा वाचायला लावलं ह्यांना. ५.६. उपाशीपोटी ९४.

मिलूला फोन केला. आकडा सांगितला. मी म्हटलं, आहेस ना? म्हणाला, आहे. मग अनघाने फोन घेतला. शेवटी मी एकटीच बोलत राहिले, डबे, चालणं, काहीबाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

संमतीचे कागद. कशाकशाची शक्यता आहे त्याची मोठी यादी, बारीक अक्षरात. हे प्रत्येक ओळ वाचत होते, चष्मा वर, चष्मा खाली. डॉक्टरबाईंना दोन प्रश्न विचारले, बरोबर दोनच. मग सही केली, बँकेत करतात तशी, खाली तारीख घालून.

मी घाबरले आहे. मी कुणाजवळ बोलले नाही म्हणून इथे लिहिते. गुंगी देतील त्याची भीती वाटते, उठलेच नाही तर याची वाटते. आणि मी उठले आणि मिलूच्या शरीराने ती घेतलीच नाही, याची सगळ्यात जास्त. भीती वाटते आणि द्यायची आहे. दोन्ही खरं आहे, एकामुळे दुसरं कमी होत नाही.

हृदय, फुप्फुसं, डोळे, सगळं तपासून झालं. ठीक. आता किडनी द्यायला परवानगी देणारी समिती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल समितीपुढे. लांब टेबल, पाच माणसं, एक कॅमेरा. आम्हाला वेगवेगळं बोलावलं. मधल्या साहेबांनी माझा कागद वाचला.

"आप अपनी मर्ज़ी से दे रही हैं?"

जी.

"पैसे का कोई लेन-देन?"

नाही म्हटलं.

"भाई ने, भाभी ने, घरवालों ने, किसी ने आप पर दबाव डाला?"

म्हटलं, दबाव तो मैंने डाला है साहब. उस पर. तीन महीने से मना कर रहा है.

कोपऱ्यातल्या बाई हसल्या, बाकीचे नाही. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. ते माझ्या बाजूचं होतं की विरुद्ध, कळलं नाही.

मग मिलू आत. अनघा त्याच्याबरोबर होती, तिने नंतर सांगितलं. त्याला विचारलं, बहन की किडनी लेना चाहते हैं आप? कॅमेरा चालू. साहेबांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "लेना नहीं चाहता था. जीना चाहता हूँ. हाँ." माझ्या भावाच्या तोंडून ते यायला इतके महिने लागले.

निर्णय दोन-तीन आठवड्यांत कळवणार. कागद अपुरे वाटले तर परत बोलावतील. डॉक्टरबाई म्हणाल्या, हो म्हणतीलच असं धरून चालू नका, मिलूचं मागचं इन्फेक्शनही ते बघतील.

आज सकाळी कोठी रोड, तीन फेऱ्या. घरी आले तर फोन वाजत होता. कुलकर्ण्यांच्या नातवाची मुंज, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दीडशे पानं. "वंदनाताई, तुमच्याशिवाय कोण?" पाठोपाठ आणखी एक, साखरपुडा. दोघांनाही सांगितलं, डिसेंबरात मी नाही.

"गावाला चाललात का?"

म्हटलं, अजून तारीख कळायची आहे.

फोन ठेवला, ऑर्डरची वही काढली आणि एक ते एकतीस डिसेंबर, प्रत्येक पानावर आडवी रेघ मारली.